एका ओळीचा उद्देश

भास्करनानांना लग्नपत्रिका द्यायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं, हे आमच्या इतवाऱ्यातल्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तरी आमचे हे एकदा भाच्याची पत्रिका घेऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. नानांनी पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "लग्न कशासाठी करतोय पोरगा?" हे म्हणाले, "वय झालं त्याचं." नाना म्हणाले, "वय तर माझंही झालंय. मी करतोय का?" लग्नाला मात्र आले, पहिल्या पंगतीला बसले आणि दोनदा वरण मागून घेतलं.

'कशासाठी?' हा त्यांचा रामराम होता. भाजीवालीला विचारत, एवढी मेथी कशासाठी आणलीस, दुपारपर्यंत सुकेल. पोरगं म्हणालं बी.ए. करतो, तर कशासाठी. मी एकदा घराला नवा रंग दिला तर खालून ओरडले, "बाई, कशासाठी?" मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांत खुपावा म्हणून." त्यावर खूश होऊन हसले. उत्तर चोख असलं की त्यांचं समाधान व्हायचं, मग ते उत्तर काही का असेना.

सहकार खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, बहीण नाही. समोरच्या माडीवर एकटे राहायचे. बारा महिने करडा सफारी, आणि उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा. साखरेचा आजार होता, तरी रविवारी मावा जलेबी आणायचेच. वर मला सांगायचे, "गोळी कडू लागते बाई, तोंड धुवायला काही पाहिजे ना." शिवी अशी कधी तोंडात आली नाही. 'फालतू' हा एकच शब्द, पण तो असा काही उच्चारायचे की समोरच्याला शिवी परवडली असती.

नोकरीतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. गावातली एक विणकरांची सहकारी समिती होती, सोसायटीच म्हणा. तिच्या उपविधीत, म्हणजे नियमांच्या कागदात, उद्देशांची लांबलचक माळ होती: सूत घेणं, कापड विकणं, रंगशाळा चालवणं, असं करत करत शेवटी 'आणि सभासदांच्या हितासाठी आवश्यक ती इतर सर्व कामे'. एक दिवस अध्यक्षानं समितीची जमीन विकली आणि तिथे नातेवाइकाचं लॉज उभं राहिलं. नाना चौकशीला गेले. अध्यक्ष म्हणाला, सभासदांच्या हितासाठीच विकली. नानांनी अहवाल लिहिला, वर पाठवला, काही झालं नाही. विणकरांतले म्हातारे खात्याच्या पायऱ्यांवर येऊन बसत आणि नानांकडे नुसते बघत. "त्या एका ओळीतून अख्खी जमीन गेली, बाई," नाना म्हणायचे. तेव्हापासून उद्देश लांब असला की त्यांना चोर दिसायचा.

आता रुख्माचं सांगते. मी शिकवत होते त्या शाळेतल्या एका मुलीची ती आई. खकनारच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथली. नवऱ्याला सोडून पोरीसकट वेगळी राहत होती. नवऱ्याच्या भावानं, म्हणजे तिच्या दिरानं, एका दुपारी दारात कागद आणला, "रेशनचं आहे, कर सही" म्हणाला. हिनं केली, आणि सासरच्या घरातला तिचा वाटा गेला. मग ती केळीच्या बागांत मजुरीला लागली. घड उतरला की केळीचं खोड बांधावर फेकून देतात, ते सडतं. रुख्मा आणि तिच्या जोडीच्या बाया त्या खोडाची सोपटं काढून धागा करायच्या आणि इतवाऱ्यातल्या एका व्यापाऱ्याला विकायच्या. तो त्यांना पार नागवत होता. मी तिला म्हटलं, समोर एक खडूस म्हातारा राहतो, त्याला समिती करता येते, चल.

पहिली बैठक गावच्या मारुतीच्या ओट्यावर झाली. मला नानांनी लिहायला बसवलं. त्यांनी एकेका बाईला उभं केलं आणि विचारलं, "समिती कशासाठी पाहिजे?"

एक म्हणाली, धागा काढायची मशीन एकटीच्यानं घेणं होत नाही. दुसरी म्हणाली, व्यापारी लुटतो. सकूबाई नावाची एक वयस्क बाई होती, ती म्हणाली, "घरी दिवसभर सुनेच्या तोंडाला तोंड लागतं, नाना. कुठंतरी बसायला जागा पाहिजे." सगळ्या हसल्या. रुख्मा हसली नाही. ती म्हणाली, "मला कोणाला विचारून जेवावं लागलं नाही पाहिजे."

मी हे सगळं भराभर लिहून घेतलं. नानांनी माझा कागद घेतला, बाजूला ठेवला, आणि उपविधीत एकच ओळ घातली: केळीच्या खोडापासून धागा काढणे व विकणे. बस. मी भांडले. म्हटलं, या बाया एवढं पोटतिडकीनं बोलल्या, त्याचं काय? कायद्यात बसत नाही का?

"बसतं की," नाना म्हणाले. "सभासदांचं आर्थिक भलं होईल असं कुठलंही सरळ काम लिहिता येतं. लिहिता येतं म्हणून लिहायचं थोडी असतं? कायदा विचारतो, तुम्ही मिळून काय करणार? कशासाठी जगता, ते विचारत नाही. ते यांच्याजवळ राहू द्या. कागदावर आलं की कुणीतरी त्याचा फायदा उठवतो."

आणि त्या ओळीला त्यांनी कुलूपही घातलं. उद्देश बदलायचा असेल तर दर चार सभासदांतले तीन सभेत स्वतः हजर पाहिजेत. बाकी विषयांना कोरम नसला तर सभा तहकूब करून पुन्हा घेता येते, या विषयाला नाही. कुठल्याही लॉजवाल्या अध्यक्षाच्या बापाची छाती होऊ नये, असा बंदोबस्त.

चार वर्षं बरी गेली. पंचायतीनं जागा दिली, शेड उभी राहिली, दोन मशिनी आल्या. खोड तोडलं की लगेच मशिनीत घालावं लागतं, शिळं झालं की धागा काळवंडतो. त्यामुळे बागेत घड उतरायला लागले की बाया निरोपाची वाट न बघता पळायच्या. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. बाजारात तपकिरी डागांची साडी दिसली की लोक म्हणायचे, ही धाग्याची बाई. नाना दर बुधवारी बसनं जायचे. शेडमध्ये बसून बायांना सह्या शिकवायचे आणि त्याहून जास्त, सह्या न करायला शिकवायचे. ठराव मोठ्यानं वाचायचा, प्रत्येकीनं एक तरी प्रश्न विचारायचा, मग सभेत बसूनच सही. बाकीच्या समित्यांमध्ये रजिस्टर घरोघर फिरतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण नानांनी ते एकदाही होऊ दिलं नाही. एकदा समितीच्या अध्यक्षीणबाई तापानं पडल्या, तर त्यांनाही घरी सही करू दिली नाही. बाया त्यांना मागून 'हेडमास्तर' म्हणायच्या.

मग केळीवर रोग आला. पानं पिवळ्या रेघांनी चिरल्यासारखी दिसायला लागली आणि शेतकऱ्यांनी बागाच्या बागा उपटून फेकल्या. धाग्याला खोड मिळेना. मशिनी गप्प पडल्या. बाया कापूस वेचायला, विटांच्या भट्टीवर, मिळेल तिथे जाऊ लागल्या. रुख्मानं कुठूनतरी शिलाईची मशीन आणली आणि शेडमध्ये कापडी पिशव्या शिवायला सुरुवात केली. इतवाऱ्यातल्या दुकानदारांनी घेतल्या. हळूहळू बाकीच्या परत आल्या.

नाना बुधवारी गेले तेव्हा मी सोबत होते. ते दारात उभं राहून पिशव्यांचा ढीग बघत राहिले.

"हे उद्देशात नाही," ते म्हणाले.

रुख्मानं मशीन थांबवली नाही. "ठावं हाय, नाना. पण चूल पेटते."

मला वाटलं, आता फालतू म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. एक पिशवी उचलली, शिवण ओढून बघितली आणि म्हणाले, "कच्ची आहे. दुहेरी घाल." त्यांनी त्या दिवशीच सभा लावून उद्देश बदलून घ्यायला पाहिजे होता. पण त्यांना वाटत राहिलं की रोग जाईल, बागा परत लागतील आणि आपली ओळ खरी ठरेल. माणूस स्वतःच्या शहाणपणावर असा जीव लावून बसतो.

शेडच्या जागेवर डोळा असलेल्या एका गृहस्थानं तक्रार केली. समिती नोंदलेलं काम सोडून दुसराच धंदा करते, जागा परत घ्या. नोटीस आली. ठरल्या तारखेच्या आत उद्देश बदलून आणा, नाहीतर समिती गुंडाळू. नानांनी ती नोटीस मला वाचायला दिली. ते म्हणाले, "बाई, कायदा बरोबर आहे. चूक माझी आहे." मी त्यांना त्याआधी चूक कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं.

सभेच्या सूचनेला लागणारे दिवस आणि खात्याची तारीख यांच्या मध्ये एकच दिवस सापडत होता. तो होता आखाजीच्या दुसऱ्या दिवशीचा. आता आमच्याकडे आखाजी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी जाते. वर्षभर कुणी तिला विचारो न विचारो, आखाजीला भाऊ न्यायला येतो. झोके, गौराईची गाणी, आमरस, गोड सांजोऱ्या. दिवाळीला नाही गेली तर चालेल, आखाजीला गेलीच पाहिजे. नानांनी सगळ्यांना बजावलं, यंदा माहेर नाही, सभा आहे. बायांनी माना डोलावल्या.

सभेच्या सकाळी आम्ही शेडवर पोचलो. सतरंजी अंथरली होती. बाया यायला लागल्या आणि थोड्या वेळात यायच्या थांबल्या. अर्धी सतरंजीसुद्धा भरली नाही. रुख्मा नव्हती, सकूबाई नव्हती. नाना रस्त्याकडे बघत होते. दुपार झाली. आलेल्या बाया पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

मी चिडून म्हटलं, "गेल्या ना माहेरी? एवढं सांगून? स्वतःच्या पोटावर पाय द्यायची ही कोणती रीत?"

नाना खाली बघत म्हणाले, "मला विचारून गेल्या."

"म्हणजे?"

"एकेक येऊन विचारायची, बाई. रुख्मा पहिली आली. नवरा सोडल्यापासून भावानं तिला दारात उभं केलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा निरोप आला, आखाजीला ये. ती म्हणाली, नाना, मी एक नसले तर चालंल का? मी म्हटलं, जा. मग सकूबाई आली, भाऊ अंथरुणाला खिळलाय म्हणाली. तिला म्हटलं, जा. मग दुसरी, तिसरी. सगळ्यांना सांगितलं, एकटी नसलीस तर काय बिघडतंय."

"अहो पण मोजायचं ना! जन्मभर दुसऱ्यांचे कोरम मोजलेत तुम्ही."

"मोजलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं," नाना म्हणाले.

ज्या माणसानं तापानं फणफणलेल्या अध्यक्षीणबाईंना सूट दिली नाही, तो माहेर म्हटल्यावर विरघळला. आणि तेही कधी, तर एकदाच, नेमकं नको तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत सभेचं रजिस्टर. "बाई, खकनारला चला."

"कशाला?"

"रुख्माची सही घ्यायची. तिनं केली की बाकीच्या करतील. तिच्या माहेराहून पुढच्या गावांना जाऊ. उद्या तारीख संपते."

मी रजिस्टरकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. रात्रभर झोपले नव्हते, दाढीचे खुंट पांढरे दिसत होते. ते म्हणाले, "काही बोलू नका. सगळ्या समित्या करतात. मी एकदा केलं तर आभाळ पडत नाही." मी चपला घातल्या. खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटला एकदाचा म्हातारा त्या हट्टातून.

रुख्माचं माहेर खकनारच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. भावानं खाट टाकली, पाणी दिलं, रस आणला. रुख्माच्या अंगावर नवं लुगडं होतं, हातात हिरव्या बांगड्या. तिला असं मी कधीच बघितलं नव्हतं. आम्हाला बघून आधी खुलली, मग नानांच्या हातातलं रजिस्टर दिसलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

नानांनी सगळं सांगितलं. सभा भरली नाही, समिती जाईल, शेड जाईल, तू इथे सही कर. भाऊ म्हणाला, "कर ना बाई, एवढे मोठे माणूस चालत आले."

रुख्मानं विचारलं, "तारीख कोणती हाय वर?"

"कालची," नाना म्हणाले. "सभेची."

"काल मी हितं व्हती."

"हो."

ती खाली बसली. कितीतरी वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "नाना, माझं काय जातंय ते मला ठावं हाय. पोरीची शाळा बी जाईल. पण आज तुम्ही आणलं म्हणून केली, तर उद्या दीर आणंल, परवा कोणी आणंल. मग मी कोणाला नाही म्हणू? एवढं एकच तर आलंय मला." आणि ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबून, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला तिचा राग आला. अगदी खरा राग आला. म्हटलं, "रुख्मे, अगं वेडी आहेस का? हे तुझ्याच भल्याचं आहे. नानांवर विश्वास नाही तुझा?"

"हाय ना, बाई," ती म्हणाली. "म्हणून तर त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणून राहिले. दुसरा असता तर दारातूनच हाकलला असता."

नानांनी पेनाला टोपण लावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि चालायला लागले. पुढच्या गावांना जायचं नाव काढलं नाही. खकनारच्या फाट्यावर बसची वाट बघत आम्ही उन्हात उभे होतो. पंचा वाळून गेला होता, तरी त्यांना भान नव्हतं. ते म्हणाले, "बाई, मी त्यांना उपाशी मारलं. आधी ओळ छोटी लिहून मारलं, मग जा म्हणून मारलं, आणि आता हे शिकवून मारलं." मी म्हटलं, तसं नाही हो नाना. पण तसंच होतं, आणि दोघांनाही माहीत होतं.

पुढचं सांगूनच टाकते, म्हणजे कुणाला आशा लागायला नको. नाना दुसऱ्या दिवशी खात्यात गेले. तिथला साहेब त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "नानाजी, मैं क्या करूँ, शर्त तो आपकी ही लिखी हुई है." शेडला कुलूप लागलं. रुख्मा पोरीला घेऊन नेपानगरला कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला राहिली. बाकीच्या पांगल्या. मी सुट्टीत मुलाकडे इंदूरला गेले आणि पावसाळ्यात नाना गेल्याचा फोन आला. समोरच्या माडीवर आता दुसरे भाडेकरू आहेत.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या खकनारच्या बसमधले नाना. बस आली ती माहेराहून परतणाऱ्या बायांनी खचाखच भरलेली. नव्या बांगड्या, गाठोडी, कडेवर पोरं. मागे कुणीतरी झोक्याचं गाणं म्हणत होतं. आम्ही कसेबसे आत शिरलो, आणि समोरच्या सीटवर सकूबाई.

"या बया, नाना!" तिनं नातवाला मांडीवर ओढून नानांना जागा केली. नाना बसले. तिनं भावाचं बरं असल्याचं सांगितलं, वहिनीनं पातळ नेसवल्याचं सांगितलं. मग विचारलं, "झाली ना सभा? माझ्यावाचून अडलं नाही ना काही?"

मी नानांकडे बघितलं. या माणसानं आयुष्यात खोटा अहवाल लिहिला नव्हता.

"नाही अडलं," नाना म्हणाले. "झाली."

"मग पिशव्या चालू?"

"हो."

"मी सोमवारी येते मग. सुनेला सांगून ठेवलंय, मला जाग्यावर जायचं हाय." तिनं गाठोडं सोडलं, एक सांजोरी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "साखर बेताची घातलीय, खा."

नानांनी सांजोरी खाल्ली. सावकाश, सगळी, हातावरचे कण सुद्धा. सकूबाई कौतुकानं बघत होती. मग तिचं गाव आलं, आणि ती उतरताना खालून ओरडून म्हणाली, "सोमवारी लवकर उघडा हां, नाना." नानांनी खिडकीतून हात वर केला. बस सुटली तरी त्यांनी तो बराच वेळ खाली घेतला नाही.